होडी, घोडी आणि निवड समिती

माझं काम लोकांचे कान तपासण्याचं. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी तपासतेही आणि विद्यार्थ्यांना शिकवतेही. आमच्याकडे माणूस आला की त्याला एका साउंडप्रूफ खोलीत बसवतात, हेडफोन लावतात आणि आधी नुसते आवाज ऐकवतात. आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. त्यानंतर शब्दांची पाळी. एका बाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले सोपे मराठी शब्द एकामागून एक येतात, आणि ऐकणाऱ्यानं ते जसेच्या तसे म्हणायचे. आवाज ऐकू येतात पण शब्द चुकतात, असं दिसलं तर आम्ही सावध होतो. कदाचित कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतच काही बिघाड असेल, अशी शंका येते आणि मग मोठ्या तपासण्या मागवाव्या लागतात.

मौद्याजवळच्या एका खेड्यातून एक म्हाताऱ्या बाई सुनेला घेऊन आल्या, तेव्हा नेमकं असंच झालं. नुसते आवाज त्यांनी छान ओळखले, वयाच्या मानानं फारच छान. शब्द सुरू झाले आणि सगळं बिघडलं. हेडफोनमधली बाई म्हणाली "होडी", तर या म्हणाल्या "घोडी". ती म्हणाली "पेरू", या गप्प. ती "पावटा" म्हणाली, तर यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"मले ऐकू येते, बाई. पर हे काय बोलून राहिली ते समजत नाही."

मी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, घरी तर बरोबर ऐकतात. मी सैपाकघरातून हळू बोलली तरी यायले समजते."

ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. पुन्हा हेडफोन लावायला सांगितला आणि यंत्र बंद करून मीच माइकमध्ये बोलायला लागले. वावर. बंडी. जांब. सांबार. त्यांनी एकेक शब्द असा परत दिला की जणू मी अंगणातूनच हाक मारतेय. त्यांच्याकडे शेताला वावर म्हणतात, बैलगाडीला बंडी, पेरूला जांब आणि कोथिंबिरीला सांबार. होडी त्यांनी पाहिली असेल, पण ती त्यांच्या तोंडी "डोंगा" होती. न ओळखीचा शब्द आला की कान त्याला जवळचा ओळखीचा शब्द लावून टाकतो, आणि आम्ही तिथे चूक अशी खूण करतो.

मी स्वतः नागपूरचीच. पण आमचं घराणं जुन्या काळी कारकुनीच्या निमित्तानं इथे येऊन स्थायिक झालेलं, घरात पुस्तकी मराठी. सांबार हा शब्द मी भाजीवाल्याशी बोलताना वापरायचे आणि घरात आल्यावर कोथिंबीर म्हणायचे. तो शब्द तपासणीच्या यादीत का नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

त्या बाईंना मी घरी पाठवलं, नुसता मळ काढून. आणि ठरवलं की विदर्भातल्या लोकांसाठी त्यांच्या बोलीतल्या शब्दांची वेगळी यादी करायची. नीट, शास्त्रशुद्ध. त्यासाठी माणसं हवी, गावोगाव जायला गाडी हवी, ध्वनिमुद्रण हवं. म्हणजे संशोधन-निधी हवा. मी पहिल्यांदाच असा प्रस्ताव लिहिला आणि एका सरकारी संस्थेकडे पाठवला.

या संस्थांचं काम कसं चालतं हे मला तेव्हा जेमतेम ठाऊक होतं. आधी कार्यालयात कागद पूर्ण आहेत की नाहीत ते बघतात. मग त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे प्रस्ताव जातो. कोणाकडे गेला हे आपल्याला कधीच सांगत नाहीत. ते गुण देतात, शेरे लिहितात. चांगले गुण मिळाले तर समितीसमोर बोलावणं येतं, तिथे आपण आपलं म्हणणं मांडायचं, आणि समिती शेवटची निवड करते. माझा प्रस्ताव जाणकारांपाशीच थांबला. नामंजूर. सोबत दोघांचे शेरे जोडलेले होते.

पहिल्यानं तीन ओळी लिहिल्या होत्या. मराठीत प्रमाण यादी उपलब्ध आहे, नवीन काही दिसत नाही, शिफारस करता येत नाही. दुसऱ्याचे शेरे कित्येक पानांचे. मी वरवर पाहिलं, तर परिच्छेदामागून परिच्छेद नुसत्या चुका. मी ते कागद घेऊन आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम मूळच्या काटोलकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. भाषण करताना शुद्ध बोलत आणि आमच्याशी बोलताना जशा बोलायच्या तशा बोलत.

"काहून तोंड पाडून बसली वं?"

मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावला आणि दुसऱ्या जाणकाराचे शेरे पहिल्यापासून वाचायला घेतले. चहा आला, गार झाला. मी खिडकीतून बाहेर सायकल-स्टँडकडे बघत बसले. मध्येच त्या हसल्या, मध्ये एकदा "बरोबर हाये" म्हणाल्या. मला राग आला होता, त्यांचाही.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू हे पुरं वाचलंच नाही."

"वाचलं. सगळ्या चुकाच काढल्यात."

"पहिली ओळ वाच. मोठ्यानं वाच."

पहिली ओळ अशी होती की हा प्रश्न खरा आहे, महत्त्वाचा आहे आणि आजवर कोणी नीट विचारलेला नाही. ती ओळ मी पाहिली होती, पण शिष्टाचार म्हणून लिहितात तशी असेल असं समजून पुढे गेले होते.

"आता बाकीचं वाच," मॅडम म्हणाल्या. "यानं तुले नाही म्हटलं नाही. यानं तुले सांगतलं का पुढच्या वर्षी कशी ये. कोणाले वेळ आहे असं लिहायले? त्याले कोणी पाहतही नसते."

मग आम्ही दोघींनी ते सोबत वाचलं. त्या अनोळखी माणसानं विचारलं होतं: तुम्ही वऱ्हाडी म्हणता, पण कोणती? नागपूर शहरातली, मौद्याकडची आणि अकोल्याकडची बोली एकच आहे का? शब्द कोण निवडणार? तुम्ही आणि तुमचे सहकारी निवडणार असाल, तर ते शिकलेल्या माणसांच्या कानाला गावरान वाटणारे शब्द होतील, गावातल्या माणसांचे नाहीत. आवाज कोणाचा घेणार? आणि सगळ्यात अवघड प्रश्न असा होता: तुमच्या यादीवर लोकांना जास्त गुण मिळाले, तर ते ऐकू आल्यामुळे की शब्द मुळातच सोपे असल्यामुळे, हे कसं ठरवणार? त्याचं उत्तरही त्यानंच सुचवलं होतं. कान उत्तम असलेल्या माणसांना दोन्ही याद्या ऐकवा, आवाज हळूहळू कमी करत न्या, आणि दोन्हींची अवघडपणाची पातळी आधी जुळवा. शेवटी लिहिलं होतं की नव्या यंत्रासाठी निधी मागू नका, आहे ते पुरेल. गावात जाऊन बसणाऱ्या माणसांसाठी मागा.

माझ्या प्रस्तावात मी एक महागडं यंत्र मागितलं होतं. खरं सांगायचं तर प्रस्तावात यंत्र असलं की तो वजनदार दिसतो, असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

ते अख्खं वर्ष मी शब्द गोळा करण्यात घालवलं, निधीशिवाय, सुट्टीच्या दिवशी. दोन विद्यार्थिनी हौसेनं सोबत यायच्या. आम्ही मौद्याच्या बाजारात भाजीवाल्यांजवळ बसायचो. सिंधी वस्तीच्या जरीपटक्यात गेलो तर तिथलं बोलणं भलतंच निघालं, मराठी वाक्यात हिंदी आणि हिंदीत सिंधी. बर्डीच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणारे पोट्टे तर गिऱ्हाईक बघून भाषा बदलत. एका दुपारी व्हरायटी चौकात उसाचा रस पीत आम्ही ठरवलं की शहराला आत्ता हात लावायचा नाही. शहराची बोली एका यादीत मावणारी नाही. पहिली यादी फक्त नागपूरच्या पूर्वेकडच्या खेड्यांसाठी, चाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी. प्रस्ताव लहान झाला आणि मला तो पहिल्यांदाच माझा वाटला.

पुढच्या वर्षी जाणकारांचा टप्पा पार झाला आणि समितीसमोर बोलावणं आलं. सादरीकरण ऑनलाइन होतं. मॅडमनी स्वतःची खोली दिली, पंखा आवाज करतो म्हणून तो बंद केला आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या, कोणी दार वाजवू नये म्हणून.

पडद्यावर चौकटीचौकटींत समितीची माणसं दिसत होती. त्यांत एक चेहरा पाहून माझा जीव भांड्यात पडला. मला एमएस्सीला शिकवणारे, प्रबंधाला मार्गदर्शन करणारे माझे सर तिथे होते. या विषयात त्यांच्या शब्दाला वजन. मी मनात म्हटलं, कोणी आडवा प्रश्न विचारला तर सर सांभाळून घेतील.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. सरांनी लगेच माइक सुरू केला आणि म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी आहे. हा प्रस्ताव होईपर्यंत मी बाहेर थांबतो." आणि त्यांची चौकट नाहीशी झाली. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत.

पहिली दोन-तीन वाक्यं मी काय बोलले, मला आठवत नाही. मग सवयीनं बोलत गेले. बोलून झाल्यावर एक सदस्य, पुण्याकडचे, या क्षेत्रात फार मान असलेले, शांतपणे म्हणाले, "मराठीची यादी आहे. ती चांगली आहे. ती करणाऱ्यांना मी ओळखतो, फार मेहनतीनं केली आहे. प्रत्येक जिल्ह्याला वेगळी यादी द्यायची म्हटलं तर तपासणीला काही एक माप राहील का?"

प्रश्न रास्त होता. मला राग आला नाही, त्याचंच आश्चर्य वाटलं. गेलं वर्षभर त्या न पाहिलेल्या जाणकारानं मला असेच प्रश्न विचारले होते आणि मी रोज मनातल्या मनात त्यांची उत्तरं देत होते. मी म्हटलं, "सर, ती यादी चांगलीच आहे. मी ती मोडायला आलेले नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बाईला होडी ऐकून घोडी वाटते, कारण तिच्याकडे डोंगा आहे. तिच्या कानात दोष नसताना मी तिला स्कॅनला पाठवते. माप एकच राहावं म्हणूनच दोन्ही याद्यांची पातळी जुळवायची आहे. जुळली नाही, तर तेही मी लिहून देईन."

"जुळली नाही तर?"

"तर आधीचीच यादी बरोबर होती असं म्हणेन."

दुसऱ्या राज्यातल्या एका बाई-सदस्यांनी हिंदीत सांगितलं की त्यांच्याकडेही अशीच अडचण आहे. अध्यक्षांनी आभार मानले. संपलं. बाहेर आले तर मॅडम खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होत्या.

काही आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं. मागितलं त्याहून थोडं कमी मिळालं, आणि वर्षाअखेरीस समितीतलं कोणीतरी येऊन काम बघेल अशी अट होती.

सरांना मी नंतर एका परिषदेत भेटले. पाया पडले, पण मनात थोडी अढी होती, आणि ती त्यांना दिसली असावी. जेवणाच्या रांगेत ते म्हणाले, "तुला वाटलं, सर पळून गेले."

मी नाही म्हटलं, पण माझं नाही त्यांना पटलं नाही.

"मी तिथे बसलो असतो," ते ताटात भात घेत म्हणाले, "तर सगळे माझ्याकडे बघून बोलले असते. काही भिडेपोटी गप्प बसले असते. तुझा प्रस्ताव कोणी तपासलाच नसता. आणि मंजूर झाला असता तरी तुला जन्मभर वाटत राहिलं असतं की सरांमुळे झाला."

मी ताट घेऊन पुढे सरकले. पण ती रांग, तो वाफाळता भात आणि त्यांचं ते साधं सांगणं माझ्याजवळ राहिलं. कोणी आपल्यासाठी उठून बाहेर जातं, ही मदत असते हे कळायला मला तेवढा वेळ लागला.

काम सुरू झालं. शब्द गावातल्या माणसांनीच निवडले. आम्ही नुसतं विचारायचं. आवाज एका अंगणवाडीताईचा घेतला. वेगवेगळ्या आवाजांतून गावकऱ्यांनी तोच निवडला होता, कारण तो "आपल्यावानी" वाटतो म्हणे. मॅडम मधल्या काळात निवृत्त झाल्या, पण दर आठवड्याला फोन करून "किती गावं झाली वं?" असं विचारायच्या.

वर्षाअखेरीस काम बघायला आले ते तेच पुण्याकडचे सदस्य. मी मनातून धसकले. आमच्या शिबिराची खोली एका शाळेत होती. खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही ती शक्य तितकी शांत केली होती. ते आले, सगळं पाहिलं, दोन्ही याद्यांचे आलेख बराच वेळ न्याहाळले. मग अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "मला बसवा."

"सर?"

"मला तुमची यादी ऐकवा. आवाज अगदी बारीक ठेवा."

माझ्या विद्यार्थिनीनं त्यांना हेडफोन लावला. ताईंचा आवाज सुरू झाला. ते डोळे मिटून बसले आणि एकेक शब्द म्हणत गेले. काही बरोबर आले. "वावर"ला ते "सावर" म्हणाले. "जांब"ला "लांब". "भेदरं"ला थांबले, भुवया उंचावल्या आणि पुढे जाऊ द्या असा हात केला. यादी संपली तेव्हा विद्यार्थिनीनं गुण माझ्याकडे सरकवले. त्यांचं वय आणि कान लक्षात घेता ते फार कमी होते. दाखवावेत की नाही, मला कळेना.

त्यांनीच कागद ओढून घेतला. पाहिला. आणि मनापासून हसले.

"या गुणांवर तुम्ही मला काय सांगाल? नस बिघडली आहे?"

"सर, आमच्याकडच्या नियमानं स्कॅन सांगावा लागेल."

"भेदरं म्हणजे काय?"

"टोमॅटो."

त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. त्या दुपारी गावातल्या एका घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. सांबारवडी होती आणि भेदऱ्याची चटणी. त्यांनी दोन्ही मागून घेतली. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: काम समाधानकारक आहे, आणि विदर्भाच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांसाठीही ते वाढवावं. माझ्या प्रस्तावाला त्यांनी भर समितीत विरोध केला होता. तोच माणूस इतक्या दूर येऊन, कोट काढून, स्वतःचे कान आमच्या हाती देऊन बसला. अशी माणसं मला मिळाली.

ती यादी आता आमच्याकडे रोजची झाली आहे. नव्या विद्यार्थ्यांना तर ती कायमच होती असं वाटतं.

गेली काही वर्षं मीही दुसऱ्या बाजूला बसते. माझ्याकडे प्रस्ताव येतात, पाठवणाऱ्याला माझं नाव कळत नाही. कधी समितीवरही बोलावतात. प्रस्ताव जितके येतात त्या मानानं निधी थोडकाच असतो. पहिले काही सहज ठरतात, शेवटचे काही सहज बाजूला पडतात. खरा वाद मधल्यांवर होतो. मागच्या बैठकीत एका लहान गावच्या कॉलेजातल्या शिक्षिकेचा प्रस्ताव असाच मध्ये अडकला होता. शाळेतल्या मुलांना कमी ऐकू येतं हे वर्गातल्या वर्गात कसं ओळखावं, असा विषय. मांडणी कच्ची, इंग्रजी अडखळतं. एक सदस्य म्हणाले, पुढच्या वर्षी येऊ दे. दुसरे म्हणाले, पुढच्या वर्षी ती येणारच नाही, कंटाळून सोडून देईल. मी तिचा प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. कोणीतरी तिची पद्धत दुरुस्त करून फळ्यावर काढली. अध्यक्षांनी जेवण पुढे ढकललं. आम्ही सगळे त्या शिक्षिकेसाठी भांडत होतो, एकमेकांशी, घसा बसेपर्यंत, आणि आमच्यापैकी एकानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

अखेर दुरुस्त्या सुचवून प्रस्ताव मंजूर झाला. तिला एक कोरडं पत्र जाईल, खाली सही नसलेले शेरे जोडलेले असतील. पहिल्यांदा वाचताना तिला ते कडवटच वाटतील. आम्ही जेवायला उठलो तेव्हा पोळ्या गार झाल्या होत्या, आणि तरी त्या दिवशी सगळे खूप जेवले.